सारा स्लॉट पीटरसन आणि 'आई असूनही'

डेन्मार्क म्हटलं की आपल्याकडे बॅडमिंटन आठवतं. आधी पीटर गेड, मग अ‍ॅक्सेलसन. सारा स्लॉट पीटरसन हे नाव क्वचितच कुणाला माहीत असतं. खुद्द तिच्या देशातही धावपटूंना हँडबॉलवाल्यांइतका भाव नाही.

रिओ 2016. महिलांची 400 मीटर अडथळा शर्यत. साराने 53.55 सेकंदांत रौप्य जिंकलं, तोच डेन्मार्कचा नवा राष्ट्रीय विक्रम. सुवर्ण अमेरिकेच्या दलिला मुहम्मदला, 53.13. अ‍ॅथलेटिक्समधलं डेन्मार्कचं अथेन्स 2004 नंतरचं हे पहिलं ऑलिंपिक पदक. पण त्याच रिओत पेर्निल ब्लूमने पोहण्यात सुवर्ण काढलं, पुरुष हँडबॉल संघानेही काढलं. मग साराचं कौतुक कुठवर पुरणार!

आणि जे झालं त्यातही 'आई असूनही' हे शेपूट होतंच. लंडन 2012 नंतर तिला मूल झालं आणि त्यानंतर ती आधीपेक्षा जोरात पळाली, हे खरंच मोठं आहे. तिला अभिमान असणारच. माझा राग बातमी लिहिणाऱ्यांवर आहे. मूल सांगून झालं की त्यांची बातमी संपते, शर्यतीबद्दल एक ओळ नाही. कुठल्या पुरुष पदकविजेत्याला 'बाप असूनही' म्हटलेलं वाचलंय? आपण तरी काय वेगळे, मेरी कोमला 'सुपरमॉम' करून मोकळे झालो.

शर्यत काय चीज आहे बघा. एका फेरीत दहा अडथळे, दोन अडथळ्यांत 35 मीटर. अव्वल मुली हे अंतर साधारण 15 पावलांत कापतात. दम लागला, पावलं आखडली आणि 15 ची 16 झाली, की पुढचा अडथळा दुसऱ्या पायाने घ्यायचा. पाय भरून आलेले असताना हा हिशेब चुकला तर तिथेच वेग मरतो. सारा 2015 च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत चौथी होती. तिथे सुवर्ण जिंकणारी चेक झुझाना हेजनोव्हा वर्षभराने रिओत चौथी आली, आणि सारा दुसरी. यावर कुणी पानभर लिहिलं असतं तर मी आनंदाने वाचलं असतं.

रिओच्या आधी महिनाभर अ‍ॅमस्टरडॅमला सारा युरोपियन विजेती झाली, 55.12 मध्ये. हा आकडा पाहून मी थबकलो. 1984 च्या लॉस एंजेलिसला याच शर्यतीत आपल्या पी. टी. उषाने 55.42 ची वेळ दिली होती, एक शतांश सेकंदाने कांस्य हुकलं होतं. तब्बल 32 वर्षांनी युरोपचं सुवर्ण जिंकायला उषापेक्षा फक्त 0.30 सेकंद जास्त वेग पुरला! (विद्या रामराजने उषाच्या त्या वेळेशी बरोबरी केली ती थेट 2023 मध्ये.) आपण मात्र उषाचा तो एक शतांश उगाळत बसलो. 55.42 किती भारी होतं, हे मला साराची वेळ बघताना कळलं.