‘तापीत टाका’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, सापडलेल्या बंदुकीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झापलंत. ‘पोलिसांना कळवा’ हे शहरात बसून सांगायला सोपं, गावाकडं जो कळवायला जातो तोच आत जातो, असं तुमचं म्हणणं. तुमच्या भाऊबंदाचं धाब्याचं घर पाडताना छताच्या लाकडी कड्यांच्या वर ठासणीची बंदूक निघाली, ती तुम्ही गोठ्यात ठेवलीय, आणि गावातली जाणती माणसं म्हणतायत, ‘तापीमा फेकी दे, गोट खपनी’, म्हणजे तापीत फेकून दे, गोष्ट संपली.

तुमची भीती खोटी नाही. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच, वर दंड. पण बाळगली म्हणजे काय? सुप्रीम कोर्टानं 1972 मध्येच गुणवंतलाल खटल्यात सांगितलंय की ताबा जाणतेपणी असावा लागतो. माळवदात काय दडलंय हे ज्याला ठाऊकच नव्हतं, त्याला त्यासाठी दोषी धरता येत नाही. मात्र कडी निघाली त्या घटकेपासून तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मी ‘लगेच’ म्हणतो. शिवाय शस्त्र कायद्याच्या कलम 39 प्रमाणे असा खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, नुसतं फौजदाराच्या मनात येऊन भागत नाही. अटक मात्र या मंजुरीवाचून होऊ शकते, हेही लपवत नाही.

आता तापी. तिथवर न्यायची कशी? पोत्यात घालून मोटारसायकलवर? मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्यांपायी शिरपूर-चोपडा पट्ट्यात नाकाबंदी काही नवी नाही. पोत्यातून बंदूक निघाल्यावर ‘टाकायलाच चाललो होतो साहेब’ हे कोण ऐकून घेईल? आजवर तुम्ही बंदूक सापडलेले होता, रस्त्यावर आलात की ती लपवून नेणारे ठराल.

आणि गोठ्याचं मला जास्त भ्या वाटतं. बारा बोअरची बंदूक मधे मोडून, म्हणजे उघडून, आत काडतूस आहे का ते दिसतं. ठासणीच्या बंदुकीला मोडायची सोयच नाही. दारू, छर्रे, चिंध्या सगळं नळीच्या तोंडातून गजानं ठासलेलं, त्यामुळं भरलेली आणि रिकामी बाहेरून सारखीच दिसते. कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेट घेते, आणि धाब्याखाली ती कोरडीच राहिली असणार. घोड्याखाली तांब्याची टोपी अजून बसलेली असेल तर एक धक्का पुरे. तेव्हा रॉकेलनं गंज काढणं, नळीत गज घालून बघणं, खांद्याला लावून फोटो काढणं सगळं बंद. नळीच्या तोंडासमोर ना माणूस, ना बैल.

‘जुनाट आहे, कायदा लागत नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. कलम 45 मधली सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्याराला आहे. ती चालेल की नाही हे ओट्यावर बसून ठरत नाही.

माझा सल्ला एवढाच की बंदूक ठाण्यात नेऊ नका, ठाण्याला बंदुकीकडं आणा. आधी पोलीस पाटलांना सांगा, 112 ला फोन लावा, म्हणजे वेळेची नोंद होते. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती, एकीवर सही-शिक्का घ्या. स्टेशन डायरीतला नोंद क्रमांक मागा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत जप्तीचं चित्रीकरण सांगितलंय, तेव्हा ‘साहेब, व्हिडिओ काढा’ म्हणायला लाजू नका. ठाण्यानं टोलवलंच तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा. ओळखीचा वकील सोबत असला तर फारच बरं. तुम्ही म्हणता तो त्रास होतो तो बहुतेक कागद नसलेल्या माणसाला.

भाऊबंदाच्या आजोबांचा परवाना होता का, तेही विचारा. पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यातच आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याला रानडुकरं काही आजची नाहीत. सातबारे ठेवलेली पेटी उपसून बघा. परवाना निघाला तर गोष्ट कलम 21 ची. परवानेवाला वारला की विनाकारण उशीर न करता बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं जमा करून पावती घ्यायची. वारसाला मग स्वतःचा परवाना काढून ती सोडवता येते, नाहीतर परवानेवाल्याला विकता येते. मुदतीत काहीच केलं नाही तर सरकारजमा. तुमच्या बाबतीत उशीर आधीच पिढीभराचा आहे, तोही अर्जात लिहा.

राहिला गोठा. पंचनाम्याला बरं दिसावं म्हणून ती पुन्हा कडीवर नेऊन ठेवू नका. कुणी उचलली, कधी, कुठं ठेवली, हे जसंच्या तसं लिहा. पाडकामावरच्या मजुरांची नावं आजच टिपून घ्या, कारण पहिल्यांदा कुणी पाहिली हे जमादार विचारणारच.