‘पीआरओ फक्त फोटो पाठवतो’ हे म्हणणं कुठे चुकतं

सांगलीत एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: महापालिकेला जनसंपर्क अधिकारी हवाच कशाला? तो सत्काराचे फोटो पाठवतो आणि साहेबांची बाजू सांभाळतो. पुराची माहिती मोबाइलवर मिळते. आणि हळद, बेदाणा, नाटक यांमुळे सांगलीचं नाव आपोआप होतं.

फोटोंची तक्रार रास्त आहे. सत्कारांच्या फोटोंखाली कामाची प्रेसनोट दबते, हे खरंच घडतं. पण त्यावर उपाय नोट नीट लिहिणारा माणूस ठेवणं हाच आहे. ‘दुरुस्तीमुळे काही भागांत पाणीपुरवठा विस्कळीत राहील’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण ‘काही भाग’ म्हणजे आपला नव्हे असंच प्रत्येकजण धरून चालतो. कोणती टाकी, कोणत्या गल्ल्या, किती वाजल्यापासून, पाणी पुन्हा कधी आणि शेवटच्या टोकाला दाब कमी किती वेळ राहील, एवढं लागतं. तेही आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचायला हवं. रात्री उशिरा आलेली नोट अंकात लागली तरी कोपऱ्यात जाते, आणि तोवर लोकांची पाणी भरून ठेवायची वेळ निघून गेलेली असते.

‘साहेबांची बाजू’ या मुद्द्यात दोन पदांची गल्लत आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याखाली अर्ज घेणारा जन माहिती अधिकारी वेगळा आणि त्याला उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. जनसंपर्कवाल्याला खुलासा त्याच संध्याकाळी द्यावा लागतो. जिल्हा माहिती कार्यालय तर राज्य शासनाचं आहे. घरपट्टीच्या बिलातली चूक किंवा तुंबलेलं गटार हा त्यांचा विषय नाही. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड एकत्र आल्यापासून तिन्ही शहरांची अशी उत्तरं एकाच महापालिकेकडून यावी लागतात. कोणती फाइल कोणत्या टेबलावर असते हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा खुलासा दुसऱ्याच दिवशी खोटा ठरतो. म्हणून या नोकरीत बोलघेवडेपणापेक्षा पाणीपुरवठा, ड्रेनेज, नगररचना या विभागांत वर्षानुवर्षं जोडलेली माणसं जास्त उपयोगी पडतात.

आता पूर. सगळ्यात घातक चूक इथे आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. अशा वेळी मोबाइलवर येतो तो आकडा, पण तो किती वाजताचा हे त्यावर नसतं. सकाळचे ४१ फूट संध्याकाळी फिरत राहतात, आणि घर सोडायचा निर्णय त्यावर घेतला जातो. म्हणून पूरपत्रकात मोजणीची वेळ, फूट आणि इंच, मागच्या मोजणीपासूनचा फरक आणि पुढचं पत्रक किती वाजता येणार, हे चार तपशील सुटता कामा नयेत. त्यानंतर भागांची नावं. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड अशा सखल भागांत पाणी बाकी गावाच्या बरंच आधी शिरतं. त्यांना ‘नदीकाठच्या रहिवाशांनी सतर्क राहावे’ सांगून भागत नाही.

धरणांतून सोडलेल्या पाण्याच्या, म्हणजे विसर्गाच्या आकड्यांत आणखी गोंधळ होतो. क्युसेक हा वेग, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. टीएमसी हा साठा, म्हणजे किती अब्ज घनफूट. १ लाख क्युसेक विसर्ग पूर्ण २४ तास चालला तर सुमारे ८.६४ टीएमसी पाणी जातं. हे न कळल्यामुळे ‘कोयनेतून लाख टीएमसी सोडलं’ असले संदेश तयार होतात. अख्ख्या कोयना धरणाची क्षमताच १०५.२५ टीएमसी आहे. शिवाय फक्त कोयनेचा आकडा देणं अर्धवट ठरतं. वारणा हरिपूरला, म्हणजे सांगलीच्या खालच्या अंगाला कृष्णेला मिळते. तिला पूर असला की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, ते शहरात तुंबतं. त्यामुळे वारणेवरच्या चांदोली धरणाचा विसर्गही त्याच पत्रकात हवा. ही मांडणी जाणकार माणसालाच जमते. ग्रुपवरच्या संदेशाला ती जमत नाही.

राहिलं आपोआप होणारं नाव. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते अर्ज, पुरावे आणि पाठपुरावा यांमुळे. मानांकन १० वर्षांसाठी असतं आणि ती मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजतात, प्रमाणपत्राच्या नव्हे. बातमीच्या वर्षापासून हिशेब केला तर नूतनीकरणाची तारीख चुकते. शिवाय उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ही गोष्ट गावोगाव पोचवणं हे शहराची ओळख सांभाळणाऱ्याचं रोजचं काम आहे. नाटकाचंही तसंच. विष्णुदास भाव्यांचा १८४३ चा प्रयोग सांगलीचा, म्हणून ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. पण बातमी त्याच दिवशी पाठवली तर ती जिल्ह्याच्या पानावरच राहते. पुरवण्यांची पानं आधीच लागतात, त्यामुळे मजकूर, छायाचित्रं आणि त्यांखालच्या ओळी ऑक्टोबरातच मुंबई-पुण्याला पोचाव्या लागतात. बाहेरून येणाऱ्यांसाठीच्या पत्रकात ‘मिरज जंक्शनला उतरा’ हेही छापावं, कारण लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांसाठी तेच सोयीचं पडतं.