इरिडियमचं कौतुक राहू द्या, आधी प्लगवरचा नंबर वाचा

"शोरूमवाले मुद्दाम हलके प्लग टाकतात. कुठल्याही पेट्रोल किंवा सीएनजी गाडीला इरिडियम बसवा, ॲव्हरेज 20 टक्के वाढतं आणि 1 लाख किलोमीटर बघायला नको. सीएनजी असेल तर हॉट प्लग घ्या. गॅप जरा वाढवा, ठिणगी मोठी पडते. आटे बसले की प्लग बसला. फक्त चांगला आवळा."

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर स्पार्क प्लगबद्दलचा हा मजकूर महिन्याभरात तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा ज्या काकांनी पाठवला त्यांची गाडी डिझेलवर चालते. डिझेलला स्पार्क प्लग नसतोच, ग्लो प्लग असतो. असो.

आधी ॲव्हरेज. झिजलेले प्लग काढून नवे टाकले की गाडी सुधारते, हे खरं. पण ते नव्या साध्या निकेल प्लगनेही होतं. ठिणगीचं काम हवा आणि इंधनाचं मिश्रण पेटवण्याचं. ते वेळेवर नीट पेटत असेल तर इरिडियमसारखा महाग धातू त्यातून जास्तीची ताकद कुठून काढणार? पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. इरिडियमचा खरा गुण टिकाऊपणा. तो सुमारे 2,446 अंशांना वितळतो, निकेल 1,455 ला. त्यामुळे मधला इलेक्ट्रोड, म्हणजे ठिणगी जिथून उडते ती काडी, 0.4 ते 0.6 मिलिमीटर इतका बारीक ठेवता येतो, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडी मारते. कंपनीने इरिडियम सांगितला असेल तर तोच घ्या, पैसे वाचवायला निकेल टाकू नका. निकेल सांगितला असेल तरी त्याच नंबराचा इरिडियम घालायला हरकत नाही. फक्त 20 टक्क्यांची वाट बघत बसू नका.

लाख किलोमीटरचा हिशेब आपल्याकडे वेगळाच पडतो. गाडी 800 आरपीएमवर उभी असताना फोर स्ट्रोक इंजिनातला प्रत्येक प्लग मिनिटाला किमान 400 वेळा पेटतो, म्हणजे तासाला 24,000 ठिणग्या. कापूरबावडी ते गायमुख या कोंडीतल्या प्रवासात यातल्या किती ठिणग्यांच्या वेळी किलोमीटरचा काटा जागचा हलतो, हे रोजच्या प्रवाशांना विचारा.

आता हॉट प्लग. या मजकुरातला सगळ्यात घातक सल्ला हाच आहे. हॉट आणि कोल्ड या नावांचा ठिणगीच्या गरमपणाशी काही संबंध नाही. प्लगच्या टोकाची उष्णता हेडकडे, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागाकडे, किती लवकर निघून जाते, एवढंच त्यातून कळतं. आतलं पांढरं चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णतेला लांबचा रस्ता पडतो, टोक तापलेलं राहतं. तो हॉट. नाक आखूड असेल तर तो कोल्ड. टोक साधारण 500 अंशांच्या वर असलं की काजळी आपोआप जळते. 850 च्या बरंच पुढे गेलं की ठिणगीची वाट न बघता ते टोकच मिश्रण पेटवू लागतं, आणि मग पिस्टनचं काही खरं नाही. सीएनजी वायुरूपातच आत जातो. पेट्रोलसारखं बाष्प होताना तो आतली उष्णता शोषून घेत नाही. अशा इंजिनात आणखी हॉट प्लग कशाला?

त्यात नंबरांचा गोंधळ. एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांच्या प्लगवर हॉट-कोल्डचा आकडा जितका मोठा तितका प्लग कोल्ड, बॉशमध्ये बरोबर उलटं. एनजीकेचा 6, डेन्सोचा 20 आणि बॉशचा 7 हे साधारण एका पंगतीतले. काउंटरवर "7 नंबर द्या" म्हणून बॉशच्या जागी एनजीके घेतला तर प्लग कोल्ड निघतो, काजळी धरतो आणि सकाळी गाडी मिसिंग करते.

गॅप म्हणजे ठिणगी जी ओलांडते ती प्लगच्या टोकावरची फट. ती वाढवण्याचा अनुभव मी फुकटात घेतला आहे, तोही न वाढवता. माझी गाडी गायमुखच्या चढावर सीएनजीवर झटके खायची, पेट्रोलवर टाकली की गुमान चढायची. दोन गॅरेजांत सीएनजी किटचा दोष सांगितला. शेवटी प्लग काढून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, घातला, तर झिजून झिजून गॅप बराच वाढला होता. सीएनजीच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून गॅप वाढला की पहिली तक्रार सीएनजीवर येते. त्याच वेळी ठिणगीला व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलवरही ताण पडत असतो. मुद्दाम गॅप वाढवणारा माणूस ही झीज पहिल्याच दिवशी विकत घेतो. मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे तोच ठेवा. आणि इरिडियमच्या टोकावर गेज टेकवून जोर देऊ नका, ते मोडतं.

आटे बसले की झालं, हेही चूक. 14 मिलिमीटर व्यासाचे आटे असलेले प्लग आट्यांच्या वेगवेगळ्या लांबीचे येतात. 12.7 मिलिमीटरच्या जागी 19 चा गेला तर खाली पिस्टन आहे. उलट झालं तर उघड्या राहिलेल्या आट्यांत कार्बन बसतो, आणि पुढच्या वेळी योग्य प्लग आत जायचं नाव घेत नाही.

राहिलं आवळणं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, प्लग पोलादाचा. इंजिन थंड झाल्यावर, वॉशरवाला नवा 14 मिलिमीटरचा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि पान्याने अर्धा फेरा द्यायचा. टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा. पान्याला पाइप लावून लोंबकळायचं नाही. सुरुवात तर पान्यानेही करू नये. रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून फिरवा. आटे वाकडे लागले तर नळी नुसती घसरते, हेड वाचतं.