खात नाही, म्हणून शिकार नाही?

"साळिंदर दिसलं की उडवावं. आम्ही ते खात नाही, त्यामुळे ती शिकार नव्हे, शेतीची राखण. ते काटे फेकून मारतं, उपयोग शून्य, आणि आमच्याकडे बंदुकीचा परवाना आहे." कोकणात हा मजकूर हातोहात फिरतो.

तक्रार खोटी नाही. साळिंदर नारळाचं नवं रोप रात्रीत संपवतं, सुरण-रताळी उकरतं. ज्याचं रोप गेलं त्याला प्रवचन नको असतं. पण पुढचा युक्तिवाद टिकत नाही.

'खात नाही' यापासूनच सुरुवात करू. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं, जखमी करणं आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणं. ताटात काय पडलं, हे कायदा विचारत नाही. (असं म्हणणाऱ्या किती घरांत रस्सा शिजतो, हे मीही विचारत नाही.) उलट मांसासाठी निघालेला एक जनावर मिळालं की घरी तरी जातो. राखणीच्या नावाने मारणाऱ्याला 'पुरे' कधी म्हणायचं तेच ठरलेलं नसतं. बिळात धुरी कोंडली की नर, मादी, पिल्लं सगळीच जातात, कारण कुटुंब एकाच बिळात असतं. फासकीत कोण सापडेल हे लावणाऱ्याच्या हातात नसतं. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकल्याच्या बातम्या कोकणाला नव्या नाहीत.

परवान्याचं म्हणाल तर तो बंदूक बाळगण्याचा. पिकाची नासाडी करणारं जनावर मारायला मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी वेगळी लागते.

काटे फेकण्याची गोष्ट तर निव्वळ थाप. काटे कातडीत सैल बसलेले असतात. साळिंदर पाठ फिरवून मागे धावतं, काटे टोचतात आणि तिथेच राहतात. जिम कॉर्बेटने मारलेल्या मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीचा एक डोळा साळिंदराशी झालेल्या झटापटीत गेला होता, पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतले होते. लांबून काहीच आलं नव्हतं, तीच अंगावर गेली होती.

राहिला उपयोग. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात आपल्याकडच्याच जातीचं साळिंदर आहे. त्याने उकरलेल्या खड्ड्यांत पावसाचं पाणी, पाचोळा आणि बिया साठतात व तिथे भोवतालपेक्षा जास्त रोपं उगवतात, असं तिथल्या अभ्यासकांना दिसलं. कोकण म्हणजे नेगेव नव्हे, पण 'उपयोग शून्य' एवढ्यानेच खोटं ठरतं.

मग रोप वाचवायचं कसं? अमेरिकेतलं साळिंदर झाडावर चढतं, आपलं उकरणारं. म्हणून रोपाभोवती तारेची जाळी लावावी आणि तिची खालची कड हातभर जमिनीत गाडावी. जाळीला पैसे लागतात, काडतूस स्वस्त पडतं. खरं कारण हेच असेल तर मजकुरात तेच लिहा, 'खात नाही' कशाला?