चेहरे खोटे, हत्यारं खरी

‘जपानी लाकूडठशांची चित्रं म्हणजे त्या काळच्या कामकऱ्यांचे फोटोच’ हे एका लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. जपानी चित्रकार कुनिसादाचं १८५७ चं तीन भागांचं चित्र बघा. लाकडावर ठसा कोरण्यापासून तो कागदावर छापण्यापर्यंतची सगळी कामं त्यात नटलेल्या सुंदर बायका करताहेत! प्रत्यक्षात त्या कारखान्यांत प्रामुख्याने पुरुष राबत. पण घामेजलेल्या कारागिराचं चित्र विकत कोण घेणार? प्रकाशकाला गिऱ्हाईक कळत होतं.

हत्यारं मात्र चोख आहेत. मी हौसेने लाकूड कोरतो, त्यामुळे माझी नजर आधी दगडावर धार लावणारीकडे गेली. ठशावरचं नको असलेलं लाकूड काढायला छिन्नी-हातोडी, रंग फुटू नये म्हणून कागदावर तुरटी-सरसाचा हात, सगळं जागच्या जागी. तेव्हा पुरावा म्हणून हत्यारं जरूर धरा, माणसं नकोत.