परीकथा, ३०० रुपये किलो

"तुम्ही वाचलंय का हे?"

पुस्तकाबद्दल हा प्रश्न इतका वाईट असू शकतो हे मला माहीत नव्हतं. "हो" म्हणावं तर बँकेतून व्हीआरएस घेतलेला, पुढचे केस गेलेला गृहस्थ पऱ्यांच्या शेजघरातल्या भानगडी वाचत बसतो हे जाहीर होतं. "नाही" म्हणावं तर मग न वाचता बोलता कशाला, हा पुढचा प्रश्न तयारच. मी आपला मधला मार्ग काढला. "चाळलंय," म्हणालो. चाळणारा माणूस काय शोधत चाळतो हे डोंबिवलीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वहिनींच्या चेहऱ्यावर ते लगेच उमटलं. माझं नशीब, बायको बरोबर नव्हती.

झालं होतं ते एवढंच. पूर्वेला एका हॉलमध्ये जुन्या इंग्रजी पुस्तकांचं वजनावर प्रदर्शन लागलं होतं, ३०० रुपये किलो. तिथे आमच्याच इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या, बरोबर नववीतली लेक. "काका, बरं झालं भेटलात! हिला फँटसी हवीय. तुम्ही सांगा बाई काहीतरी, मला त्यातलं काही कळत नाही." वहिनी माझ्यापेक्षा फार लहान नाहीत, पण आमच्या इमारतीत मी सरसकट काका आहे. सेक्रेटरी माझ्याहून वयाने मोठे, तेही मला काकाच म्हणतात. असो.

पुस्तक सुचवा म्हटलं की मला जरा चढतेच. घरी कोणी विचारत नाही, मित्र आता गुडघ्यांवर आणि म्युच्युअल फंडांवर बोलतात, त्यामुळे फँटसी हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकला की मी घसा खाकरतो. मी अर्सुला ल ग्विन बाईंपासून सुरुवात केली. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८. एका प्रकाशकाने किशोरवयीन मुलांसाठी काहीतरी लिहा म्हणून गळ घातली आणि बाईंनी हे लिहिलं. जादूच्या शाळेतला एक हुशार, गर्विष्ठ पोरगा बरोबरच्या मुलापुढे शायनिंग मारायला म्हणून नको तो मंत्र म्हणतो आणि एक काळी सावली मोकळी सोडतो. मग पुढचं अर्धं पुस्तक तो तिच्यापासून पळतो आणि उरलेल्यात तिच्या मागे लागतो. जादूगार तोपर्यंत बहुतेक गोरेच असायचे, हा तांबूस सावळा आहे. मी इथवर आलो होतो, तेवढ्यात कन्येने मोबाइलवरून नजर न काढता विचारलं, "काका, सिरीज पूर्ण आहे का?"

हा प्रश्न मात्र मला पटला. फँटसी वाचणाऱ्याचं खरं दुखणं तेच. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मार्टिनसाहेबांचा पाचवा खंड २०११ साली आला, सहाव्याची वाट बघता बघता माझे दोन डॉक्टर निवृत्त झाले. वजनावरच्या प्रदर्शनात तर त्याहून भयंकर प्रकार. तिथे कुठल्याही मालिकेचा पहिला भाग नसतो. दुसरा असतो, चौथ्याच्या सात प्रती असतात, सातवा बिनकव्हरचा असतो. सगळ्या जगातले पहिले भाग जातात कुठे? मी विक्रेत्याला हे एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "साहेब, स्टोरी सेमच असते."

तर मी अर्थसी शोधत ढिगात वाकलो, आणि वर आलो तर वहिनींच्या हातात एक जाडजूड पुस्तक. जांभळा रंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, मध्ये मुकुट, कडेला पंख. देव्हाऱ्यात ठेवलं असतं तरी शोभलं असतं. "हे बघ किती गोड आहे! पऱ्यांची गोष्ट आहे, राजवाडा बिजवाडा. घे हे."

मी पाठीवरचा मजकूर पाहिला आणि मला घाम फुटला. हा पंथ मला ठाऊक आहे. यातल्या पऱ्या म्हणजे पाचशे वर्षांचे, सहा फुटी, दुखावलेल्या मनाचे पुरुष असतात. पहिली शंभर पानं ते नायिकेशी भांडतात, आणि त्यानंतर भांडत नाहीत.

"वहिनी, ते नको," मी हळूच म्हणालो.

"का? काय आहे त्यात?"

आणि इथे ते आले.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी. मघापासून ते काट्यापाशी उभे होते. पुस्तकं बघत नव्हते, काटा बघत होते. वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले, आणि बाहेर 'किलोवर' असा फलक दिसल्यामुळे आत आलेले. खिशातून स्वतःचं शंभर ग्रॅमचं पितळी वजन काढून त्यांनी ते काट्यावर ठेवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. "वीस ग्रॅम जास्त दाखवतोय," असं त्यांनी काट्यावरच्या पोराला सांगितलं, आणि ते काम संपल्यामुळे त्यांचं लक्ष आमच्याकडे वळलं.

"वय काय मुलीचं?"

"चौदा," वहिनी म्हणाल्या. विचारणारा कोण, कुठला, काही नाही. वय विचारलं, सांगितलं.

"मृत्युंजय झालं का?"

कन्येने पहिल्यांदा मोबाइलवरून मान वर केली.

"आमच्या मोठीने आठवीत वाचलं. आज न्यू जर्सीत आहे."

"आजोबा, हिला फँटसी हवीय," मी म्हणालो.

"मग कर्ण काय आहे? जन्मतःच कवचकुंडलं अंगाला! साक्षात सूर्याने दिलेली! तुमच्या इंग्रजांच्या कुठल्या पोराकडे आहेत, सांगा!"

"हॅरी पॉटरच्या कपाळावर व्रण आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"व्रण." ते काट्यावरच्या पोराकडे वळले. "व्रण म्हणे!" पोरगाही माझ्याकडे बघून हसला. त्याला यातलं काय समजलं देव जाणे, पण कोणाच्या बाजूने हसायचं हे बरोबर समजलं.

मला खरं तर राग आला तो त्यांचं म्हणणं चुकीचं होतं म्हणून नव्हे. कवचकुंडलं ही भारी कल्पना आहेच. राग या गोष्टीचा, की महाराष्ट्रात कुठल्याही मुलाला, कुठल्याही वयात, काहीही हवं असलं तरी उत्तर मृत्युंजयच. ताप आला, मृत्युंजय. मुंज झाली, मृत्युंजय. शिवाजी सावंतांनी १९६७ साली लिहिली ती मोठ्यांसाठीची कादंबरी आहे, जाडजूड, दुःखी, संस्कृतप्रचुर. चौदाव्या वर्षी ती झेपणारी मुलं असतात, मी स्वतः पाहिली आहेत. पण पुस्तक हवं असणं आणि झेपणं या वेगळ्या गोष्टी आहेत की नाही?

तोवर आजोबांनी वहिनींच्या हातातलं जांभळं पुस्तक घेतलं होतं. तळहातावर तोललं. "सहाशे चाळीस." पोराने काट्यावर ठेवलं. सहाशे साठ. "वीस जास्त," आजोबा म्हणाले आणि सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. मग चष्मा लावला, बरोबर मधलं पान उघडलं, आणि मोठ्याने वाचायला लागले.

त्यांचं इंग्रजी उत्तम होतं. सरकारी नोटीस वाचावी तसं, प्रत्येक शब्द सुटा, स्वल्पविरामाला थांबून. पहिल्या ओळीत चंद्र होता. दुसऱ्या ओळीत मखमली पडदा. तिसऱ्या ओळीत त्याने तिच्या कंबरेला, आणि इथे आजोबा थांबले. चष्मा वर सारला. पुन्हा खाली घेतला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. विक्रेता गल्ला सोडून पुढे आला. मेथीची पिशवी हळूहळू मनगटावरून कोपराकडे सरकली. त्यांनी पान उलटलं. मग परत मागचं उलटलं, बहुधा काहीतरी ताडून बघायला.

"काय आहे हो, आजोबा?" वहिनींनी विचारलं.

"पंखांचं वर्णन आहे," आजोबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "सविस्तर."

"मग यात वाईट काय आहे?" वहिनी माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्ही वाचलंय का हे?"

त्यापुढचं वर सांगितलंच आहे.

आता यात माझा काय दोष, हे मला कोणीतरी समजावून द्यावं. ही गफलत डोंबिवलीतच होते असंही नाही. सारा जे. मास बाईंची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही मालिका २०१५ साली किशोरांसाठी म्हणून आली, आणि २०२० मध्ये मुखपृष्ठं बदलून मोठ्यांच्या कप्प्यात गेली. आतला मजकूर तोच. म्हणजे ज्यांचा हा धंदा आहे त्यांनाच ठरवायला पाच वर्षं लागली, आणि मी ते उभ्या उभ्या, मेथीच्या साक्षीने, अर्ध्या मिनिटात आणि सभ्य भाषेत सांगायचं? मोठ्यांनी वाचावं की, खुशाल वाचावं. माझा विरोध त्या पानांना नाही, वेलबुट्टीला आहे.

आणि एवढं सगळं बघून पुस्तक घेणारे पालक आतलं एक पानही उघडत नाहीत. विचारतात काय, तर "यातून काही शिकायला मिळतं का?" मिळतं ना. ड्रॅगनशी बोलताना सावध बोलावं हे शिकायला मिळतं. ज्या पिढीचं बालपण चांदोबात गेलं ती हे विचारते याचं मला नवल वाटतं. चांदोबात दर महिन्याला शंकर यांनी काढलेलं चित्र असायचं, हातात तलवार, खांद्यावर प्रेत, आणि त्या प्रेतात बसलेला वेताळ गोष्ट सांगतोय, उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकलं होतील म्हणतोय. त्यातून काय शिकायला मिळतं असं कोणाच्या आईने विचारल्याचं मला आठवत नाही. आमच्या आईने तर आधी स्वतः वाचून मग आमच्या हातात दिला. मराठी कादंबरी सुरुवातीला बरीचशी अद्भुतातच रमली होती. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची मुक्तामाला १८६१ ची, मग नाथमाधवांचा वीरधवल. आणि आज चौदा वर्षांच्या पोरीने मराठीत ताजी, रसरशीत फँटसी मागितली तर मी तिला अनुवादित हॅरी देतो आणि घसा खाकरतो. पुढे काय, तर थोरामोठ्यांची चरित्रं. आपल्याकडे बालपणानंतर एकदम चरित्रच लागतं.

शेवटी मी ढिगातून टेरी प्रॅचेट काढला. 'द वी फ्री मेन', २००३. बारीकसं पुस्तक. यात नऊ वर्षांची टिफनी धाकट्या भावाला आमिष म्हणून नदीकाठी बसवते आणि पाण्यातून राक्षसीण वर आली की तिला लोखंडी तव्याने हाणते. पुढे पऱ्यांची राणी त्या भावाला खरंच पळवते, आणि ही पोरगी तोच तवा घेऊन, सहा इंची निळ्या दारुड्या चोरांची फौज बरोबर घेऊन, राणीवर चालून जाते. "वहिनी, यात पण पऱ्या आहेत," मी म्हणालो. "आणि यांचे पंख बिंख काही नाही."

"तुम्ही हे वाचलंय?"

"दोनदा!" मी इतक्या जोरात म्हणालो की विक्रेता दचकला.

काट्यावर दोनशे साठ ग्रॅम भरलं. विक्रेत्याने अठ्ठ्याहत्तर सांगितले. "दोनशे चाळीस," आजोबा मागून म्हणाले. "बहात्तर द्या. एक पैसा जास्त देऊ नका." मग पाच मिनिटं माझ्या सहा रुपयांसाठी ते असे भांडले, कलमं, परिशिष्टं, पडताळणीचा शिक्का सगळं काढलं, की मला त्यांचा धड रागही करता येईना. वहिनींचं जीपे नेमकं फिरत राहिलं, तेव्हा बहात्तर मीच दिले. "घरी गेल्यावर पाठवते हं, काका."

माझ्यानंतर आजोबांनी जांभळं पुस्तक काट्यावर ठेवलं.

"नातीला?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण इतकं सोसल्यावर तेवढा हक्क होता.

"नात नाही मला. नातू आहे, केजीत." त्यांनी पुस्तक मेथीखाली नीट सरकवलं. "तपासून बघतो. असलं मुलांच्या हाती लागता कामा नये."

प्रॅचेटचा निकाल मला जिन्यात मिळाला. कन्या वरून येत होती, मी खालून जात होतो. "काका, चांगलंय पुस्तक. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल."

यावर बोलायचं काय? १९३६ साली स्टॅन्ली अन्विन या लंडनच्या प्रकाशकाने टॉल्किनचं 'हॉबिट' आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं. पोराने लेखी अभिप्राय दिला, की पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल. म्हणजे मला नव्हे, मी आता दहा वर्षांचा घोडा झालोय. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. हॅरी पॉटरचं पहिलं प्रकरणही प्रकाशकाच्या आठ वर्षांच्या मुलीने वाचलं आणि पुढचं दे म्हणून बापाच्या मागे लागली. तिकडे निदान पोरांना आधी विचारतात. इथे त्या हॉलमध्ये वजनमापं खात्याचं मत घेतलं गेलं, काट्यावरच्या पोराचं घेतलं गेलं, पण जिला पुस्तक हवं होतं तिला तुला काय आवडतं गं, असं कोणी विचारलंच नाही. मी विचारणार होतो. अर्थसी सांगून झाल्यावर.

रेनरला त्या अभिप्रायाचा एक शिलिंग मिळाला होता. काल लिफ्टमध्ये वहिनींचे मिस्टर भेटले. "काका, तुम्ही फारच वाचता म्हणे. ही सांगत होती." 'फारच'वर जरा रेंगाळले. तळमजला येईपर्यंत माझ्याकडे बघून गालात हसत राहिले, आणि बहात्तर रुपयांबद्दल अवाक्षर काढलं नाही.