अधिनस्त म्हणजे कोण हो?

पुन्हा तेच! आजच्या परिपत्रकाची पहिलीच ओळ : 'सर्व अधिनस्त कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की...' अहो, अधिनस्त नाही, अधीनस्थ! अधीन अधिक स्थ. ग्रामस्थ, गृहस्थ, तटस्थ बरे नीट लिहिता येतात? अस्त सूर्याचा होतो, कर्मचाऱ्याचा नव्हे. (मार्चअखेरीस होतो म्हणा, पण ते वेगळं.) मी मसुद्यात दुरुस्ती केली, तर साहेबांनी लाल पेनाने 'स्थ' खोडून परत 'स्त' केलं! वर म्हणे, 'पूर्वापार असंच आहे.' आणि हा संस्कृतचा सोस हवाय कशाला? सरळ 'हाताखालचे' लिहिलं तर हात झडतो? तोंडी तर दिवसभर तेच : 'माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत!' बारा? साहेब, त्यातली चार पदं रिकामी आहेत.